बॅटरी वारंवार का उतरते? फिरत्या दुकानाच्या गाडीचा हिशेब

कापडाच्या धंद्यात उजेडाची किंमत काय असते, ती आम्हाला २०२३ च्या रमजानात कळली. पंधरावा रोजा उलटला की मालेगावात ईदच्या खरेदीला खरा जोर चढतो. तरावीहनंतर बायाबापड्या घराबाहेर पडतात आणि सहरीपर्यंत बाजार जागा असतो. आमची जुनी मॅटाडोर व्हॅन बाजाराच्या तोंडाशी उभी होती. मागचे दार उघडे, आत फळ्यांवर साड्या व ड्रेसचे पीस, आणि छताला पाच बल्ब. रात्री अकराच्या सुमारास बल्ब पिवळे पडू लागले. एका खालाजान हातात दोन साड्या घेऊन विचारू लागल्या, "यातली काळी कोणती आणि बॉटल ग्रीन कोणती?" खरे सांगायचे तर आम्हालाही ते सांगता येईना. त्यांनी दोन्ही साड्या ठेवल्या आणि समोरच्या ट्यूबलाइटच्या दुकानात गेल्या. अर्ध्या तासाने आम्ही सेल्फ मारला तर नुसते टिकटिक. पाच पोरांनी धक्का मारून गाडी चालू केली. त्या रात्रीचा धंदा तेथेच संपला.

आठवडी बाजार करणाऱ्या आमच्या कितीतरी व्यापारी बंधूंकडे अशा जुन्या गाड्या आहेत. कुणी त्यात भांडी विकतो, कुणी चपला, तर कुणी आमच्यासारखा कपडा. गाडीत दिवे, पंखा, मोबाईलचे चार्जर, गाण्याचा टेप असा संसार प्रत्येकाने थाटलेला असतो. बॅटरी उतरली की आपण नवी बॅटरी घेतो. ती उतरली की अल्टरनेटर बदलतो. तरी दुखणे जात नाही आणि शेवटी गाडीच निकामी ठरते. आम्हीही याच वाटेने गेलो, म्हणून हा तजुर्बा येथे मांडत आहोत. आम्ही मेकॅनिक नाही. पण जमाखर्चाची वही तीस वर्षे लिहितो, आणि हा मामला शेवटी जमाखर्चाचाच निघाला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ८० ॲम्पिअर-अवरची नवी बॅटरी घेतली. साडेसहा हजार रुपये गेले. दुकानदाराने जुनी बॅटरी भंगारात जमा करून घेतली, ती खरोखर खराब होती का हे आम्ही विचारलेही नाही. नवी बॅटरी तिसऱ्या रात्री बसली.

मग एका मेकॅनिकला बोलावले. त्याने गाडी चालू केली, रेस वाढवली आणि चालू गाडीतच बॅटरीचे टर्मिनल उपसून काढले. इंजिन बंद पडले नाही. "सेठ, बघा, अल्टरनेटर एकदम ओके आहे," असे म्हणून त्याने शंभर रुपये घेतले. त्या वेळी आम्हाला ते पटले. पुढे कळले की या तपासणीत दोन चुका होत्या. पहिली अशी की आमच्या गाडीचे जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की विजेवाचून चालते. डिझेल दाबानेच पेटते, त्याला ठिणगी लागत नाही. बॅटरी नसली, अल्टरनेटर मेलेला असला, तरी ते फिरतच राहणार. म्हणजे त्या तपासणीने काहीच सिद्ध झाले नाही. पेट्रोलच्या गाडीत चार्जिंग बंद पडले तर गाडी अडखळून लवकर बोंब मारते. डिझेलमध्ये दुखणे आतल्या आत राहते आणि आपण धक्के मारून दिवस काढतो. दुसरी चूक नुकसानीची. बॅटरी ही अल्टरनेटरची वीज पचवून घेते. चालू असताना ती एकाएकी काढली की व्होल्टेज क्षणभर फार वर उसळते आणि आतले डायोड जळतात. पूर्वी डायनामो होते तेव्हा मिस्त्री लोक असे करीत आणि बहुधा निभावून जाई, कारण डायनामोत डायोड नसत. काळ बदलला, सवय तशीच राहिली. आमच्या अल्टरनेटरचा एक डायोड त्या दिवशीच गेला असावा, कारण त्या संध्याकाळपासून डॅशबोर्डवरचा लाल दिवा इंजिन चालू असतानाही मंद जळत राहू लागला. आधी तो तसा कधीच जळत नव्हता.

एका ओळखीच्याने मग एका म्हाताऱ्या उस्तादांकडे धाडले. डायनामोच्या वाइंडिंगमध्ये त्यांची हयात गेली. आता डोळ्यांनी कमी दिसते म्हणून मीटरचे आकडे ते शागीर्दाकडून वाचून घेतात. आम्ही म्हणालो, "चाचा, अल्टरनेटर नवा टाकून द्या, ईद तोंडावर आहे." ते म्हणाले, "टाकून देतो. पण बिघाड तिथे नसला तर पैसे कुणाकडे मागणार?" त्यांनी सगळी कारवाई चार-पाचशे रुपयांच्या साध्या डिजिटल मीटरवर केली. तसा मीटर आता आमच्या गल्ल्यातच असतो.

त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी बॅटरी घरच्या विजेवर पूर्ण चार्ज करायला लावली. अर्धी उतरलेली बॅटरी घेऊन चार्जिंग तपासणे म्हणजे पगार न झालेल्या नोकराची इमानदारी तपासणे, असे त्यांचे म्हणणे. चार्ज झाल्यावर बॅटरी काही तास तशीच ठेवली, नाहीतर वरवरचे व्होल्टेज जास्त दिसते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात. आराम केलेली पूर्ण बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी समजावी. दहा व्होल्टपर्यंत बॅटरीत जान आहे असे आपल्यातले पुष्कळ लोक मानतात, तो गैरसमज आहे. आमची १२.६ निघाली. सेल्फ मारताना काटा १०.४ पर्यंत उतरला. तो साडेनऊच्या खाली गेला असता तर बॅटरीवर किंवा सेल्फच्या तारांवर संशय घेतला असता. म्हणजे बॅटरी निर्दोष ठरली. जुनीही बहुधा तशीच होती, पण ती आता भंगारात.

मग बेल्ट. अंगठ्याने मधोमध दाबला की एक ते दीड सेंटीमीटर दबावा. त्याहून ढिला असेल, किंवा आतून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर लोड पडताच तो घसरतो. हेडलाइट लावताच बेल्ट किंचाळतो तो यामुळेच. आमचा ठीक होता. (बेल्ट तपासताना इंजिन बंद ठेवावे, आणि इंजिन चालू असताना खांद्यावरचा रुमाल व सैल कुर्त्याची बाही सांभाळावी.)

यानंतर लाल दिवा. याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा दिवा नुसता इशारा देणारा नाही, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. अल्टरनेटरच्या पोटातले चुंबक कायमचे नसते. ते विजेवर बनते. चावी फिरवली की बॅटरीची थोडीशी वीज या दिव्यातून अल्टरनेटरच्या लहान टर्मिनलकडे जाते. त्याच्यावर कुठे डी प्लस, कुठे एल, कुठे इंड असे लिहिलेले असते. तेथून ती कार्बनमधून आत जाते आणि चुंबक जागे होते. अल्टरनेटर स्वतः वीज करू लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्टेज होते आणि दिवा विझतो. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर खूश होऊ नये. बल्ब उडालेला असेल, तार तुटलेली असेल किंवा कार्बन झिजले असतील. आमच्या शेजारच्या चपलावाल्याच्या गाडीत फक्त बल्ब उडाला होता. चुंबक जागेच होत नव्हते, म्हणून अल्टरनेटर वीज देत नव्हता. त्याला एका दुकानाने नव्या अल्टरनेटरचा भाव सांगून ठेवला होता. काम दहा रुपयांच्या बल्बवर झाले.

इंजिन चालू झाल्यावरही दिवा मंद जळत राहिला, जसा आमचा राहिला, तर बहुधा डायोड, कार्बन किंवा मधल्या एखाद्या जोडाची तक्रार असते. उस्तादांनी इंजिनाची रेस थोडी वाढवून बॅटरीवर मीटर लावला. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा यायला हवा होता, आला १२.७. मग मीटर एसीवर फिरवला. बॅटरीवर एसी जवळजवळ शून्य असायला हवी. अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर डायोडवर संशय घ्यावा. आमच्याकडे एकाच्या वर निघाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले की बंद गाडीच्या बॅटरीवरही मोठा आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून तो मीटर शून्य दाखवतो का हे पाहावे. अल्टरनेटर खोलला तर एक डायोड जळालेला. डायोडची प्लेट बदलली. मजुरीसह चौदाशे रुपये लागले.

आम्हाला वाटले काम झाले. उस्ताद म्हणाले, "हा बिघाड नंतरचा आहे, सेठ. पहिला अजून सापडला नाही." आणि बरोबरच होते. बॅटरी उतरत होती ती डायोड जळण्याच्या आधीपासून.

त्यांनी इंजिन चालू करून हेडलाइट आणि छताचे पाचही बल्ब लावायला सांगितले. अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.२ व्होल्ट. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १३.३. म्हणजे माल गोदामातून पूर्ण निघत होता आणि दुकानात कमी पोहोचत होता. मधले ०.९ व्होल्ट कुणी खाल्ले? मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या प्लस टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवली. फरक ०.२, जो चालण्यासारखा होता. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. फरक ०.७. येथे तो ०.२ च्या आसपास असायला हवा. चोर अर्थिंगच्या बाजूला होता. उस्तादांनी इंजिनपासून चेसिसला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी शोधून काढली. मागच्या वर्षी फळ्या बसवताना आम्ही खालून गाडी रंगवून घेतली होती. रंगाऱ्याने पट्टीचा बोल्ट काढला, चेसिसवर जाड रंग मारला आणि त्या रंगावरच बोल्ट परत कसला. पट्टीही अर्धी कुजून हिरवी झाली होती. रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडे केले, दीडशे रुपयांची नवी पट्टी कसली, वरून ग्रीस लावले. पुन्हा मीटर लावला, बॅटरीवर १४ व्होल्ट.

बहुतेकांना हाच बिघाड सापडत नाही. तारेत किंवा जोडात व्होल्टेज खाल्ले जाते ते वीज वाहत असताना. दिवे बंद ठेवून, भरलेल्या बॅटरीवर तपासले तर वीज फारशी वाहत नाही, आणि सगळे आकडे छान दिसतात. शिवाय अल्टरनेटरच्या आतला रेग्युलेटर, ज्याला आपले मिस्त्री अजून कटआऊट म्हणतात, तो आमच्या गाडीत अल्टरनेटरच्याच दारात व्होल्टेज मोजतो. त्याच्या दारात १४.२ आहे, तेव्हा त्याच्या मते सगळे आलबेल. बॅटरीला मात्र १३.३ वर चार्ज होणे म्हणजे अर्धपोटी जेवण. ती कधीच पूर्ण भरत नाही, आत प्लेटांवर सल्फेट जमते आणि चार वर्षांची बॅटरी दीड वर्षात मरते.

अर्थिंगचा हा बिघाड जगातल्या कोणत्याही जुन्या गाडीत होतो. युरोपात शौकीन लोक जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये बिछाना आणि चूल मांडून मुलुखभर फिरतात. त्यांच्याही गाडीत दिवे, फ्रीज आणि हीच रड. आमच्या मॅटाडोरशी त्यांचे जुने नातेही आहे. मॅटाडोर हे नाव जर्मनीतल्या हँबर्गच्या टेम्पो कंपनीचे. १९४९ साली तिची पहिली मॅटाडोर निघाली ती फोक्सवॅगनचेच इंजिन घालून. पुण्याच्या बजाज टेम्पोने पुढे हे नाव आपल्या गल्लीबोळांत आणले. त्या कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे, पण आमच्याकडे अजूनही चौकोनी तोंडाची कुठलीही व्हॅन मॅटाडोरच.

आता जमाखर्चाकडे येऊ. पट्टी बदलल्यावर आम्ही निश्चिंत झालो, तेव्हा उस्तादांनी कागद मागितला. छताला २१ वॅटचे पाच बल्ब, म्हणजे १०५ वॅट. भागिले १२, सुमारे पावणेनऊ ॲम्पिअर. रात्री पाच तास जळाले तर ४४ ॲम्पिअर-अवर खर्च. जमा किती? रमजानात गाडी गोदामापासून बाजारापर्यंत दहा मिनिटे जाते, दहा मिनिटे परत येते. २० ॲम्पिअरने चार्ज झाली असे धरले तरी जमा जेमतेम सात. रोज ३७ ची तूट. ८० ची नवी बॅटरी तिसऱ्या रात्री का बसली, याचे उत्तर कागदावरच निघाले! बाकीचे अकरा महिने आम्ही सटाणा, देवळा, मनमाडकडे बाजार करतो. दिवसा विक्री, दिवे बंद, जाता-येता लांबची वाट. तेव्हा कुजकी पट्टीसुद्धा खपून जात होती. खर्च वाढला तेव्हा ती उघडी पडली. उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू ठेवून हे भरून निघत नाही. आयडलवर अल्टरनेटर त्याच्या लिहिलेल्या ॲम्पिअरच्या बराच कमी देतो आणि डिझेल जळते ते वेगळे.

यावर आम्ही बल्ब काढून ८ वॅटचे पाच १२ व्होल्टचे एलईडी लावले. खर्च ४४ वरून १७ वर आला. उरलेली तूट दिवसा गोदामात साध्या चार्जरने तीन-चार तासांत भरते. कापडवाल्यांसाठी येथे एक सूचना. सर्वांत स्वस्त पांढऱ्याफटक एलईडीखाली मरून रंग तपकिरी दिसतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी साडी परत आणते. थोडा जास्त भाव देऊन, आपला मरून आणि जांभळा पीस खाली धरून पाहूनच दिवा निवडावा.

पुढच्या वर्षी दिव्यांसाठी दुसरी बॅटरी बसवली. ती रिलेमार्फत जोडली आहे. अल्टरनेटर चालू असला की दोन्ही बॅटऱ्या एकत्र भरतात, इंजिन बंद झाले की वेगळ्या होतात. दिवे कितीही जळाले तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहते. दुसरी बॅटरी इन्व्हर्टरच्या जातीची घ्यावी. सेल्फची बॅटरी क्षणभर मोठा जोर देण्यासाठी बनते, रोज निम्मी रिकामी होणे तिला सोसत नाही. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसजवळ, अगदी वीतभर अंतरावर, फ्यूज हवाच. तार पत्र्यावर घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला तर ती लाल होते, आणि आपल्या गाडीत भरलेले असते कापड. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायूही निघतो. म्हणून ती झाकणाच्या पेटीत ठेवून पेटीला बाहेर जाणारी नळी असावी, आणि जवळ बिडी-काडी नको. आकडा १४.८ च्या वर जाऊ लागला तर रेग्युलेटर बिघडला आहे. पाणी उकळून उडते, ॲसिडचा वाफारा सुटतो. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत माल भरून चालवू नये. ॲसिडचा शिंतोडा सुती थानावर पडला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. गिऱ्हाईकाने पहिल्यांदा धुतले की तेथे भोके पडतात. एका थानात आम्ही ती भोके मोजली आहेत, अकरा होती.

गाडी नुसती उभी असताना बॅटरी उतरत असेल तर ती गळती समजावी. चावी बंद करून, दारे लावून, मायनसची तार सोडवावी आणि मीटर १० ॲम्पिअरवर ठेवून त्या तारेत व खुंटीत जोडावा. जुन्या साध्या गाडीत ५० मिलिॲम्पिअरच्या वर काही जाता कामा नये. गेले तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये, मीटर जळेल. आणखी एक साधी खूण अशी की सकाळी, रात्रभर उभ्या गाडीच्या अल्टरनेटरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर डायोड उलटा गळतो आहे.

बॅटरी सोडवताना आधी मायनस काढावा, जोडताना तो शेवटी लावावा. गाडीच्या बॉडीला वेल्डिंग करायचे असेल तर त्याआधी बॅटरी सोडवून ठेवावी. खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावी, पण ते पाणी खणात जाऊ देऊ नये. खणात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, प्लेटांच्या वर बोटभर जाडीइतके.

आमचा एकूण हिशेब असा झाला. बॅटरी साडेसहा हजार, पहिल्या तपासणीचे शंभर, डायोड चौदाशे, पट्टी दीडशे आणि उस्तादांचे तीनशे. यातली पट्टी आणि उस्ताद, म्हणजे साडेचारशे रुपये, एवढाच खर्च मूळ बिघाडाचा होता. शिवाय पंधराव्या रोज्यानंतरच्या चार रात्रींचा धंदा बुडाला, तो आम्ही कोणत्या खात्यात लिहावा हे अजून ठरवलेले नाही. सत्ताविसाव्या रात्री मात्र गाडी सहरीपर्यंत उजळलेली होती. त्याच खालाजान परत आल्या आणि ती बॉटल ग्रीन साडी घेऊन गेल्या.